सशाच्या आणि लहान सावजाच्या शिकारीसाठी पहिली बंदूक कशी निवडावी

पहिली बंदूक घ्यायची म्हटली की माणूस थेट दुकान गाठतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मांडणीवर बंदुका ओळीने उभ्या असतात, विक्रेता बोअर, कॅलिबर, चोक असे शब्द भराभर टाकत असतो, आणि नवखा शेवटी दिसायला देखणी नाहीतर सगळ्यात ताकदवान बंदूक उचलून घरी येतो. मग रानात गेल्यावर कळतं की ती या कामाची नाही. युरोपात पुष्कळ ठिकाणी आढळणारा ससा दीड-दोन किलोचा प्राणी आहे. त्याला मारायला फार ताकद लागत नाही. लागते ती थोडीशीच ताकद नेमक्या जागी पोचवणारी, तुमच्या हातात बसणारी आणि तुमच्या रानाला शोभणारी बंदूक. सावज जखमी होऊन पळालं आणि बिळात जाऊन तडफडत मेलं, याहून वाईट शिकार नाही. निवड करताना पहिला विचार हाच ठेवा.

आधी एक स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे. हा लेख परवाना काढून लहान सावजाची शिकार करता येते अशा देशांत राहणाऱ्या आणि तिथे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

१. बंदुकीआधी रान बघा

जिथे शिकार करायची परवानगी मिळाली आहे (किंवा मिळणार आहे) तिथे रिकाम्या हाताने दोन-तीन फेऱ्या मारा, शक्यतो संध्याकाळी. तीन गोष्टी वहीत लिहून घ्या.

ससे बसलेले दिसतात की उठून पळताना? कुरणाच्या कडेला चरायला आलेला ससा बराच वेळ एका जागी बसतो. दाट झुडपातून कुत्र्याने उठवलेला ससा मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दिसेनासा होतो. बसलेल्यासाठी रायफल, म्हणजे एकच गोळी नेमकी मारणारी; पळत्यासाठी शॉटगन, म्हणजे एका बारात पुष्कळ छर्रे फेकणारी. हा फरक पक्का झाला की अर्धी निवड तिथेच होते.

अंतर किती? अंदाजाने सांगू नका, पावलं मोजा. नवख्याला साठ मीटर वाटणारं अंतर पुष्कळदा चाळीसच निघतं, आणि उलटही होतं.

सावजाच्या मागे काय आहे? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि दुकानात तो तुम्हाला कोणीही विचारणार नाही. पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची रायफलची एवढीशी गोळी नळी थोडी वर असताना सुटली तर दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. कडक जमिनीवर, दगडावर किंवा पाण्यावर आपटली की ती उसळून भलत्याच दिशेला जाते. उलट शॉटगनचे सशासाठी वापरतात ते बारीक छर्रे सव्वादोनशे मीटरच्या आसपास जमिनीला लागतात. रान सपाट असेल आणि मागे वस्ती, रस्ता किंवा गुरं असतील, तर तुम्हाला कितीही आवडली तरी रायफल तिथली नव्हे. मागे मातीचा चढ किंवा बांध असेल, किंवा उंचावरून खाली जमिनीत नेम धरता येत असेल, तर रायफल चालते.

२. कागदपत्रं खरेदीच्या आधी

पुष्कळ ठिकाणी शस्त्र परवाना ठरावीक प्रकारच्या आणि ठरावीक कॅलिबरच्या (नळीच्या आतल्या मापाच्या) हत्यारासाठीच मिळतो. आधी बंदूक पसंत करून बयाणा द्यायचा आणि मग अर्ज करायचा, असं केलंत तर परवाना दुसऱ्याच कॅलिबरचा हाती येऊ शकतो. आधी रान, मग अर्ज, मग दुकान. साधारण हे लागतं:

- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो
- शस्त्र परवाना. त्यावर हत्याराचा प्रकार आणि काडतुसं किती बाळगता येतील ते नीट वाचून घ्या
- शिकारीचा वेगळा परवाना, आणि बऱ्याच ठिकाणी सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र
- जमीनमालकाची लेखी परवानगी, जमिनीच्या हद्दी लिहिलेली
- बंदुकीसाठी भिंतीला किंवा जमिनीला पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट, आणि काडतुसांसाठी वेगळी कुलूपबंद जागा
- तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा, जिथे मागतात तिथे

एअर रायफलला, म्हणजे हवेच्या दाबाने छरा उडवणाऱ्या बंदुकीला, परवाना लागत नाही, असं तुम्हाला कोणीतरी छातीठोकपणे सांगेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला तो लागत नाही. त्याहून ताकदवानला लागतो. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरीपासून साध्या एअर रायफललाही प्रमाणपत्र हवं. एका नदीपलीकडे नियम बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर विसंबू नका. ससा आणि त्याच्याहून मोठा, लांब पायांचा रानससा यांचे शिकारीचे हंगामही पुष्कळ ठिकाणी वेगळे असतात, हेही तपासून ठेवा.

३. एअर रायफल, काडतुसाची रायफल, शॉटगन: तिन्हीपैकी तुमची कोणती

एअर रायफल. छऱ्याचे दोन आकार चालतात, ४.५ मिमी आणि ५.५ मिमी. लहान छरा जास्त सरळ जातो, म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. मोठा जड असतो आणि आदळतो जोरात. १६ ज्यूलच्या रायफलने सशावर तीस-पस्तीस मीटरच्या पुढे नेम धरू नये, आणि धरायचा तो फक्त डोक्यावर, डोळा आणि कानाच्या मधल्या भागात. छातीवर मारलेला छरा सशाला मारत नाही, घायाळ करतो. मोठ्या रानसशासाठी ही रायफल अजिबात नको.

हिच्यातही दोन जाती आहेत. स्प्रिंगची रायफल स्वस्त, सुटसुटीत आणि कुठेही वापरता येणारी. पण आतला दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक आधी मागे आणि मग झटक्याने पुढे हलते. घट्ट आवळून धरली की नेम फिरतो; ती हलक्या हाताने धरावी लागते आणि ते अंगवळणी पडायला वेळ जातो. दाबाखालच्या हवेवर चालणारी, म्हणजे पीसीपी, हिला धक्का जवळपास नाहीच, त्यामुळे नवखाही तिने लवकर नेमका मारू लागतो. मात्र तिच्यासोबत २०० बार दाबाच्या आसपास हवा भरणारा हातपंप किंवा सिलिंडर घ्यावाच लागतो आणि तो खर्च दुकानाच्या पाटीवर दिसत नाही. सरावाला मी स्प्रिंगची सुचवेन, शिकारीला पीसीपी.

पॉइंट टू टू लाँग रायफल. १८८७ पासून चालत आलेलं काडतूस, आणि बसलेल्या सशासाठी अजून याच्या तोडीचं काही नाही असं माझं ठाम मत आहे. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, ताकद एअर रायफलच्या आठ-दहा पट, धक्का नगण्य. ध्वनीच्या वेगाहून थोडी हळू, म्हणजे सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास जाणारी पोकळ टोकाची गोळी घ्या. तिचा कडाड आवाज होत नाही, मांस कमी फाटतं आणि एक ससा पडला तरी पलीकडचे पुष्कळदा चरतच राहतात. पन्नास मीटरवर नेम बसवला की ती सत्तर मीटरवर पाचेक सेंटिमीटर खाली लागते, आणि शंभर मीटरवर पंधरा ते पंचवीस. सशाचं डोकं केवढं असतं ते आठवा, म्हणजे या काडतुसाची मर्यादा पन्नास-साठ मीटर का धरायची ते लक्षात येईल. तिचा दोष एकच, आणि तो वर सांगितला: ही गोळी उसळते.

पहिली रायफल बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खीळ ओढून भरायची, घ्या. १९६४ पासून बाजारात असलेल्या रुगर १०/२२ सारख्या आपोआप भरणाऱ्या रायफली चांगल्याच आहेत, पण नवख्या हातात पुढची गोळी तयार असली की पहिल्या गोळीची काळजी कमी घेतली जाते. शिवाय हळू जाणाऱ्या गोळ्यांवर त्यातल्या काही अडखळतात. बोल्ट ओढून पुन्हा भरताना माणूस आपोआप श्वास घेतो, सावजाकडे आणि त्याच्या मागे एकदा बघतो.

०.१७ एचएमआर आणि ०.२२ मॅग्नम. हीही रायफलची काडतुसं, पहिलं २००२ चं, दुसरं १९५९ चं. ०.१७ ची गोळी जेमतेम १.१ ग्रॅमची, पण सेकंदाला ७७५ मीटरच्या आसपास जाते. मोकळ्या माळावर शंभर-सव्वाशे मीटरवरचा ससा मारायचा असेल तर हीच. आदळल्यावर ती फुटते, म्हणून उसळण्याचा धोका कमी. पण वाऱ्याने सरकते, आवाज मोठा, काडतूस महाग, आणि डोक्याऐवजी अंगाला लागली तर खायला फारसं उरत नाही. मॅग्नम मोठ्या रानसशाला ठीक. साध्या सशाला तिची गरज नाही. इथला एक सापळा: साधं पॉइंट टू टू काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) सहज शिरतं. ते चेंबर रुंद असल्यामुळे उडवताच काडतुसाची पातळ खोळ फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. नळीवर जे कोरलेलं आहे तेच काडतूस घाला.

शॉटगनबद्दल सांगायचं जास्त आहे, म्हणून ती वेगळी घेतो.

४. शॉटगन घेणार असाल तर

बोअरचा आकडा उलटा चालतो. नळीच्या व्यासाच्या किती शिसाच्या गोळ्या एका पाउंडात बसतात, तो आकडा म्हणजे बोअर. म्हणून बारा बोअरची नळी १८.५ मिमी, तर वीस बोअरची १५.६ मिमी. ४१० हा मात्र बोअर नाही. नळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे १०.४ मिमी.

नवख्याला, त्यातही किरकोळ अंगाच्या माणसाला, मुलांना आणि बायकांना, ४१० हमखास दाखवली जाते, कारण ती हलकी आणि धक्का कमी. मला हा सल्ला पटत नाही. तिच्या अडीच इंची काडतुसात १४ ग्रॅमच्या आसपास छर्रे मावतात. बारा बोअरमध्ये २८ ते ३२. छर्रे निम्मे म्हणजे चुकायला जागा दुप्पट आणि ससा जखमी होण्याची भीतीही दुप्पट. ती मुरलेल्या हाताची बंदूक आहे. अंग किरकोळ असेल तर वीस बोअर घ्या, २४-२८ ग्रॅमच्या काडतुसासकट. बाकी सगळ्यांना बारा बोअर, हलक्या काडतुसासकट.

दुनळी घ्यावी, आडवी (नळ्या शेजारी-शेजारी) की उभी (एकावर एक) ते तुमच्या नजरेवर. उघडली की दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे तुम्हाला आणि शेजारच्याला लांबूनही दिसतं. सोबत चालताना याचं मोल फार आहे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली आकुंचनाची सोय. तोंड जितकं आवळलेलं तितका छऱ्यांचा झोत लांबवर एकवट राहतो. सशासाठी फुल, म्हणजे सगळ्यात आवळलेला, चोक नको. वीस मीटरवर तो सशाची चाळण करतो नाहीतर पूर्ण चुकतो. पहिल्या नळीला इम्प्रूव्हड सिलिंडर (अगदी थोडा आवळलेला), दुसरीला मॉडिफाइड (मध्यम आवळलेला), एवढं पुरे. पंधरा मीटरच्या आत बार टाकू नका आणि पस्तीसच्या पुढेही नाही.

छऱ्याचा नंबर डब्यावर वाचून थांबू नका, मिलिमीटर बघा. अमेरिकेतला ६ नंबर साधारण २.८ मिमीचा, ब्रिटनमधला ६ नंबर २.६ मिमीचा. सशाला या दोन्हींपैकी कोणताही चालतो. मोठ्या रानसशाला एक पायरी जाड घ्या.

शिसं की पोलाद, हे तुमच्या हातात नसेलही. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिसं चालत नाही, आणि युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळीत आणि तिच्या शंभर मीटरच्या आत बंदी आहे. पोलाद शिशाहून बरंच हलकं, म्हणून छरा दोन नंबर जाड घ्यावा लागतो. जुन्या, आवळ चोकच्या नळीत पोलादाचे छर्रे घालू नका; आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

आता दोन धोके, आणि हे दोन्ही जिवावर बेतणारे आहेत.

पहिला: खिशात बारा आणि वीस बोअरची काडतुसं एकत्र कधीही नकोत. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं की ते चेंबरमधून घसरून पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो बारा बोअरचं काडतूस घालतो, चाप ओढतो, आणि नळी फुटते, अगदी पुढचा हात असतो तिथेच. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवतात. भावाची वीस आणि तुमची बारा असेल तर पट्टे वेगळे, पिशव्या वेगळ्या, आणि घरी आल्यावर खिसे उलटे करून झटका.

दुसरा: चेंबरची लांबी. ती नळीवर कोरलेली असते, ६५, ७० किंवा ७६ मिमी. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते, त्यामुळे ७० चं न उडवलेलं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं. बसलं म्हणजे चालतं, असं नाही. उडताना त्याला तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या पलीकडे चढतो. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालतं, उलट नाही.

५. अंगाला बसते का

दुकानात विक्रेत्याला विचारून, बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून हे करा. डोळे मिटा, बंदूक सहज खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. नजर नळीवरून सरळ जात असेल तर बंदूक तुमच्या मापाची. नुसतं नळीचं मागचं टोक दिसलं, किंवा वरून नळीची अख्खी पट्टी दिसली, तर दस्ता जुळत नाही. मान वाकडी करून जमवून घेऊ नका. पळत्या सशावर तसं जमवायला वेळ नसतो. थंडीत शिकार करणार असाल तर जाड कोट घालूनच माप घ्या, तेवढ्यानेही लांबी बदलते.

कोणता डोळा बळकट आहे तेही बघा. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर वस्तू फटीतून नाहीशी होते तो तुमचा बळकट डोळा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा बळकट असेल तर शॉटगनचे बार का चुकतात ते त्याला कळतच नाही.

६. दुर्बीण

रायफलला फार मोठी दुर्बीण लावू नका. चौपट मोठं दाखवणारी साधी, किंवा तीन ते नऊपट बदलणारी पुरते. बघायचं ते एवढंच, की ती रिमफायर (पॉइंट टू टूसारख्या लहान काडतुसाच्या) किंवा एअर रायफलसाठी बनवलेली असावी. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी नव्वद मीटरच्या आसपास जुळवलेल्या असतात. तीस-चाळीस मीटरवर डोळा जरा सरकला की खूण सावजावरून सरकते. स्प्रिंगच्या एअर रायफलला तर तिच्यासाठीच बनवलेली दुर्बीण घ्या. त्या पुढे-मागे झटक्याने साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचा ढिल्या होतात.

७. जुनी बंदूक बघताना

जुनी बंदूक घेण्यात काही कमीपणा नाही. चांगली राखलेली जुनी बोल्ट रायफल पिढ्यान्‌पिढ्या चालते. नळीतून उजेडाकडे बघा. गंजाचे खड्डे, काळी वर्तुळं, किंवा एखाद्या जागी सावली गोल फुगलेली दिसली तर परत करा. शॉटगन बंद करून हलवा, बिजागरीत खडखड नको. सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावून रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून बघा, मग सेफ्टी काढा. तेवढ्यानेच आतून खट्‌कन आवाज आला तर ती बंदूक धोकादायक आहे. जुन्या शॉटगनच्या नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती पिळाची, दमास्कस नळी असते. ती भिंतीवर शोभते. आजची काडतुसं तिच्यात उडवू नका. परीक्षण-शाळेचे (बंदुकीची नळी दाबाखाली तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे) ठसे कोणते आहेत आणि ते कोणत्या दाबासाठी आहेत, हे जाणकाराकडून वाचून घ्या.

८. रानात जाण्याआधी कागदावर

एकाच बनावटीच्या काडतुसांचा मोठा डबा लगेच घेऊ नका. पॉइंट टू टूच्या प्रत्येक नळीची आवड वेगळी असते; दोन सख्ख्या रायफलींनाही वेगळ्या गोळ्या मानवतात. चार-पाच बनावटींचे छोटे डबे घ्या, टेकू घेऊन पन्नास मीटरवर पाच-पाच गोळ्या मारा, आणि ज्यांची भोकं सगळ्यात जवळ पडतील तीच पुढे वापरा.

शॉटगनवाल्याने मीटरभराहून मोठा कागद लावून, मधे खूण करून, आपल्या नेहमीच्या अंतरावरून एक बार टाकावा. छर्रे जिथे दाट आहेत तिथे ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. आता भोकं मोजू नका, मोकळ्या जागा शोधा. पुठ्ठ्याचा सशाच्या डोक्या-मानेएवढा तुकडा कापून वर्तुळात फिरवा. तो एकाही भोकाला न शिवता कुठे मावत असेल, तर त्या चोकने आणि त्या काडतुसाने ते अंतर तुमचं नाही. माझ्या दुनळीचे दोन्ही नळ्यांचे कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. काडतूस बदललं की नवा कागद.

मग टेकू सोडा. रानात जसे माराल तसे, गुडघ्यावर बसून, काठीला टेकून, झोपून मारा. तीन सेंटिमीटरचं वर्तुळ काढा आणि ज्या अंतरावर पाचही गोळ्या त्याच्या आत पडतात ते अंतर लिहून ठेवा. चाळीस मीटर निघालं तर तुमची मर्यादा चाळीस, रायफलची साठ असली तरी. त्यापुढचा ससा दिसला तर वाऱ्याचा अंदाज घेत जवळ सरका, नाही जमलं तर त्याला चरू द्या.

हे सगळं कानांवर संरक्षण लावूनच करा, पॉइंट टू टूच्या वेळीसुद्धा. शॉटगनच्या एका बारानेही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. बंदुकीसोबतच्या पहिल्या खरेदीत म्हणून एवढं धरा: कानाचं आणि डोळ्याचं संरक्षण, बंदुकीच्या बोअरचीच साफ करायची सळई आणि तेल, गळ्यात अडकवायचा पट्टा, जाड पिशवी, आणि ससा साफ करताना घालायचे रबरी हातमोजे. सशाकडून माणसाला होणारा टुलारेमिया हाताच्या बारीक जखमेतूनही शिरतो, तेव्हा हातमोजे यादीतून वगळू नका.